तीन तांबे पाणी

जरा जवळ ये बाई. म्हणजे आता हा कागद तरी डोळ्यांजवळ धर, कारण तू स्वतः काही येत नाहीस. म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरीचं पुढचं शिक्षण घ्यायला तुझी निवड झाली, हे मला कळलं कसं, तर तुझ्या आईनं पेढ्यांचा बॉक्स एसटीच्या कंडक्टरजवळ दिला आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली. पेढे बोलतात का? दाताखाली खवा चिकटला तेवढाच. फोन केलास तोसुद्धा चालता चालता. "थोरल्या आजी, कशी आहेस, बरी आहेस ना, ठेवते." अगं, ज्यांचं ऐकायचं शिकायला चाललीस त्या वयाच्याच बाईचं तू ऐकून घेत नाहीस, मग शिकणार काय? रागावले नाही मी. म्हणजे रागावले आहे, पण पेढे खाल्ले.

आता जे लिहिते ते तुझ्या आजोबांना सांगायचं होतं. ते माझे धाकटे दीर. ते ऐकायला उरले नाहीत, म्हणून तुला.

मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून त्यावरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, आणि तुझे थोरले आजोबा फौजेतनं पत्रं पाठवायचे ती दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची लाज वाटायची म्हणून लिहायलाही शिकले. घरात आम्ही दोघीच मोठ्या, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दोन लेकरं माझी, दोन म्हशी, आणि कऱ्हाडच्या खाली कृष्णेच्या काठचा ऊस. धाकटे भावजी, म्हणजे तुझे आजोबा, सांगलीला डॉक्टर झाले होते. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ते एक दिवस आले आणि म्हणाले, मी विलायतेला चाललो. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या दुखण्याचं वेगळं शिक्षण मिळतं, ते आपल्याकडं कुठंच नाही.

गावात ही बातमी पसरली तशी लोकांना करमणूकच मिळाली. आमचे चुलत सासरे ओसरीवर तंबाखू मळत म्हणाले, "म्हाताऱ्यांचा डाक्टर? आरं, त्ये शिकाया येवढ्या लांब कशाला जातुयास? हितं पारावर येऊन बस. कंबर, गुडघं, खोकला. येका दिसात पास हुशील."

आत्याबाई आतनं म्हणाल्या, "माज्यावरच शीक की रं. मी हाय न्हवं म्हातारी."

"तू कुठली म्हातारी," भावजी म्हणाले. "दोन वर्षांत परत येतो. तवर टिकतीस न्हवं?"

"तू ये तर. मग बघू कोण टिकतंय."

ते साताऱ्याला जाऊन कागदपत्रं करून आले, आणि गेले. पुढं दर महिन्याला निळं हवाई पत्र यायचं. कडा नीट फाडायच्या, नाहीतर ओळी जायच्या. संध्याकाळी म्हशींच्या धारा काढून झाल्या की मी मोठ्यानं वाचायची आणि आत्याबाई लसूण सोलत ऐकायच्या. काय काय लिहायचे ते! तिथं म्हातारं माणूस आजारी असलं तरी दिवसभर अंथरुणात ठेवत नाहीत, सकाळी कपडे घालून खुर्चीत बसवतात. मोठे डॉक्टर यांना बरोबर घेऊन म्हाताऱ्यांच्या घरी जातात आणि स्वयंपाकघरातलं कपाट उघडून बघतात, डब्यात खायला काय आहे ते.

"परक्याचं कपाट उघडत्यात?" आत्याबाईंचा लसूण थांबला. "आन् सून काय म्हनती?"

"सून नसतीच म्हनं घरात. म्हातारी येकटीच ऱ्हाती."

"मंग शिव्या कुनाला देती ती?"

अशा हसायचो आम्ही. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की म्हाताऱ्या माणसाची अक्कल जागेवर आहे का बघायला प्रश्न विचारतात, आज वार कोणता, आपण आहोत कुठं, राज्य कुणाचं आहे. आत्याबाईंना त्याचा नादच लागला. सकाळी चुलीपुढं बसल्या की म्हणायच्या, "घे माजी परीक्षा."

"वार कंचा?"

"बेस्तरवार. बाजार हाय."

"आपण हाय कुठं?"

"सुनंच्या राज्यात."

त्या पडल्या ते दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर. न्हाणीतल्या ओल्या दगडावरनं पाय गेला आणि खुब्यावर बसल्या. उठताच येईना. पाटणकडचा हाडवैद्य आणला, त्यानं कांबी लावून बांधलं आणि दीड महिना हलू नका म्हणाला. मी म्हणाले, सांगलीला नेऊ, भावजींचे दोस्त आहेत दवाखान्यात. ऐकतील तर आत्याबाई कसल्या! "माजं पोरगं तेच शिकतंय. त्येच्या आदी दुसऱ्या डाक्टरचा हात मी लावून घ्याची न्हाई. त्यो यील आन् मला उठवंल." विषय संपला.

आता जे सांगते ते नीट वाच.

अंथरुणात पडलेल्या बाईचं सगळं अंथरुणातच. मुंबईवाल्यांसारखं रबराचं कापड, प्लॅस्टिकचं भांडं असलं काही आमच्याकडं नव्हतं. जुन्या लुगड्यांच्या थरावर थर घालून शिवलेली वाकळ होती. दोन वाकळा. ओली वाकळ उचलून बघ कधी, एकटीच्यानं उचलत नाही. थंडीचे दिवस, पाण्यात हात घातला की बोटं वाकडी व्हायची. नदीवर आपटायची, पिळायला दुसरी बाई शोधायची, आणि वाळायला दोन दिवस. तोवर दुसरी भिजलेली. त्यात ऊसतोड आलेली, लेकरांची नाकं वाहती, नवरा कुठं बर्फात. मी रडत धुवायची. शेजारच्या काकींनी ते बघितलं.

"बये, पानी तोड की म्हातारीचं," त्या म्हणाल्या. "दुपारी भाकरीबरुबर येक पेला. मंग दुसऱ्या दिशी. माज्या सासूचं मी तेच केलं, माज्या आईचं भावजयीनं तेच केलं. जीव का जातुया व्हय?"

आमच्याकडं ही रीतच होती बघ. कुणी तिला रीत म्हणत नव्हतं एवढंच. अंथरूण धरलेल्या माणसाला पाणी कमी द्यायचं, म्हणजे करणाऱ्या बाईचे हाल कमी. पोटभर भाकरी चुरून द्यायची, त्यात कुणी कसूर केली तर गाव तोंडात शेण घालायचं. पाण्याचं कुणी विचारायचं नाही.

मी पाणी तोडलं. दुपारी एक पेला आणि भाकरीवर ओतलेलं ताक, बस. आत्याबाई मागायच्या. मी म्हणायची, "आत्ता दिलं न्हवं?" त्या माझ्याकडं बघायच्या. त्यांना वाटायचं आपणच विसरलो. असं आठ-दहा दिवस चाललं, आणि मग त्यांनी मागायचं बंद केलं. मला हायसं वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, की मला हायसं वाटलं.

वाकळ आता दोन दिवसांनी एकदा धुवायला लागायची. मी काकींना दोन लिंबं नेऊन दिली, उपकाराची फेड म्हणून.

मग त्यांचं बदललं. एका सकाळी मला म्हणाल्या, "आक्का, कवा आलीस गं?" आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ती वारून वीस वर्षं झालेली. वाकळीचे दोरे उपटत बसायच्या. हवेतनं काहीतरी वेचायच्या. आणि एकच धोशा, "दारं धर गं आक्का. पाटाला पानी आलंय. ऊस वाळला, दारं धर." तू शहरातली, तुला सांगते, दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी शेतात घेणं. दिवसभर त्या पाणी मागत होत्या आणि मी ऐकत होते ते उसाचं. मी म्हणायची, "धरलंय दारं, आत्याबाई, भिजला ऊस."

गाव बघायला येऊ लागलं. म्हातारचळ लागला, आता काय ऱ्हात न्हाई, म्हणाले. मी भावजींना लिहिलं, आत्याबाईंना चळ लागला आहे, येता आलं तर या.

उत्तराला तीन आठवडे लागले. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे, आलीस की दाखवीन. त्यांनी लिहिलं होतं, "वैनी, रडत बसू नका. म्हातारपणानं माणूस असं दोन दिवसांत बदलत नाही. अचानक बदललं तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते शोधायचं एवढंच मला इथं दोन वर्षं शिकवतात. मी तिथं नाही, तुम्ही माझे डोळे व्हा. आईला जीभ काढायला सांगा. ओली आहे का कोरडी? दिवसाला किती तांबे पाणी पोटात जातं? कधीपासून? अंदाजानं लिहू नका, मोजून लिहा."

मी आत गेले. "आत्याबाई, जीभ काढा." त्यांना कळेना. मी बोटानं ओठ उघडला. जीभ कशी होती सांगू? उन्हात राहिलेल्या चपलेचा पट्टा असतो ना, तशी. मधोमध चीर पडलेली.

पत्रात पाण्यात साखर-मिठाची चिमूट घालून चमच्या-चमच्यानं द्या असं होतं. त्या दिवशी मी म्हशींकडं गेले नाही, चुलीकडं गेले नाही. चमचा आणि तांब्या. दुसऱ्या दिवशी वाकळ भिजली आणि मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "डोकं का इंचारलं न्हाईस? भूत दिसतीस." मी विचारलं, "आत्याबाई, वार कंचा?"

"बेस्तरवार. बाजार हाय. पोराचं पत्र आलं का?"

मी त्यांच्या पायाला मिठी मारली. त्यांना वाटलं सुनेलाच चळ लागला.

इथवर गोष्ट चांगली आहे ना? तुझे आजोबा इथंच थांबायचे. कारण त्यांना एवढीच माहीत होती.

मी त्यांना लिहिलं, "जीभ कोरडी होती. आत्याबाई पाणी मागत नव्हत्या, म्हणून कमी जात होतं. आता रोज तीन तांबे देते." मागत नव्हत्या. लिहिताना पेन अडलं नाही गं. मागत नव्हत्याच की त्या, शेवटी शेवटी.

आणि बारा-तेरा दिवस मी दिलंही. तीन तांबे मोजून. पण तीन तांबे आत गेले की बाहेरही येतात. थंडी वाढली. धाकट्या लेकराला गोवर निघाला. पिळायला बाई मिळेना, सगळ्या तोडीवर. एका संध्याकाळी दोन्ही वाकळा ओल्या आणि आत्याबाई थंडीनं कुडकुडतायत, मी माझ्या अंगावरची चादर त्यांना घातली आणि मनात म्हणाले, नुसतं संध्याकाळचं बंद करू. नुसतं संध्याकाळचं. मग चार दिवसांनी दुपारचं अर्धं. त्यांनी तांब्याकडं हात केला की मी तो खिडकीत ठेवायची, त्यांच्या हाताला लागणार नाही असा.

पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा माहीत होतं. ती जीभ मी बघितलेली होती.

या वेळी त्या आक्काला बोलावत बसल्या नाहीत. गप्पच होत गेल्या. लघवी लालसर, अंग तापलं. मी घाबरून परत चमचा-तांब्या घेतला, पण गिळेना, कोपऱ्यातनं गळायचं. सांगलीला न्यायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली. गावाच्या कमानीबाहेर ट्रॉलीतच गेल्या. डोकं माझ्या मांडीवर होतं.

कऱ्हाडला जाऊन कुणीतरी तार केली. तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून नदीवरनं आलो, तर पोस्टमन दारात उभा, हातात निळं पत्र. तारेच्या आधी टाकलेलं. भावजींनी लिहिलं होतं, "तुमचं पत्र मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीत करून वाचून दाखवलं. एक न शिकलेली बाई पाच हजार मैलांवरनं माझ्या डोळ्यांचं काम करते! ते म्हणाले, या बाईला इकडं आणा, माझ्याकडं एक जागा रिकामी आहे." सगळे म्हणाले, वाच, मोठ्यानं वाच. मी वाचलं. काकी पदर तोंडाला लावून रडल्या.

ते शिक्षण पुरं करून पुढच्या वर्षी आले. पहिल्या दिवशी खूप रडले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या खोलीत गेले, कॉटची उंची बघितली, न्हाणीतला दगड बघितला, मग माझ्यापुढं पाटावर बसले आणि वही उघडली. तिकडं त्यांना तसंच शिकवलं होतं, उशाशी बसणाऱ्याला विचारा, त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

"वैनी, शेवटच्या दिवसांत पाणी किती जात होतं?"

"पैल्यासारखंच. तीन तांबं."

"नक्की?"

"मोजून."

त्यांनी लिहून घेतलं. "मग वयच," म्हणाले, आणि वही मिटली.

सांगलीच्या एका दवाखान्यात त्यांनी तरुण डॉक्टर गोळा केले होते, चार-पाच. दर शनिवारी दुपारी त्यांना शिकवायचे. आपल्याकडं म्हाताऱ्यांचे डॉक्टर तयार करायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात. एका शनिवारी तिघांना आमच्या घरीच घेऊन आले, घर कसं बघायचं ते शिकवायला. माझ्याकडं बोट दाखवून त्या जिभेची गोष्ट सांगितली. मी चहाचा ट्रे धरून उभी. त्यात एक मुलगी होती, जत तालुक्यातली, बोलण्यात कानडी हेल. तिनं विचारलं, "सर, तीन तांबे जात होते, तर मग परत कशानं बिघडल्या?"

"सगळं बरोबर केलं तरी कधी कधी माणूस जातं," तुझे आजोबा म्हणाले. "हेही शिकायचं असतं."

ती मुलगी अंगणातल्या दोरीकडं बघत होती. तिथं वाकळ वाळत होती, धाकट्याची. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या घरीही कुणीतरी अंथरुणावर असेल, आणि पाण्याचा तर तिकडं आणखी दुष्काळ. तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. मी सांगितलं नसतं. मी म्हणाले, "चहा घ्या, निवतोय."

पुढं ते शनिवार विरळ होत गेले. एकानं मुलांच्या दवाखान्यात नोकरी धरली, एक मुंबईला गेला. एक जण तोंडावर म्हणाला म्हणे, "सर, इतकं शिकून, घरात इतकं करूनही आई राहिली नाही, मग म्हाताऱ्यांचं वेगळं शिकण्यात अर्थ काय?" तुझ्या आजोबांनी ते मला येऊन सांगितलं आणि ताटातली भाकरी नुसती तोडत राहिले. माझ्या तोंडात उत्तर होतं. मी ताकाचा वाडगा पुढं सरकवला.

ते दशक संपेपर्यंत ते साधे डॉक्टर झाले होते, ताप-खोकल्याचे. विलायतेतल्या वह्या माळ्यावर गेल्या. एकदा मी त्यांच्या दवाखान्यात बसले होते, आणि एका मुलानं विचारलं, "डॉक्टर, आई चार दिवस वेड्यागत बोलतीया." तुझ्या आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वय झालंय बाबा. सेवा करा." जीभ बघितली नाही. जे वाक्य पुसायला ते समुद्र ओलांडून गेले होते, तेच. आणि ते त्यांच्या तोंडात मी घातलं होतं. त्या मुलाच्या आईचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तशा किती, तेही माहीत नाही. माझ्या माथी एकट्या आत्याबाईच असत्या तर एवढं जड झालं नसतं.

त्यांना सांगायचं म्हणून मी दोनदा सांगलीला गेले आणि दोन्ही वेळा वांग्याची पिशवी देऊन आले.

आता माझं ऐक. माझी सून गुणाची आहे, भरला तांब्या माझ्या उशाशी ठेवते, वर पेला पालथा. मीच पीत नाही. गुडघे उठू देत नाहीत, आणि दोनदा अंथरूण ओलं झालं तेव्हा तिनं काही न बोलता चादर उचलली. ते न बोलणं मला ओळखू येतं. म्हणून ती बाहेर गेली की मी तांब्या खिडकीतनं कढीपत्त्याच्या झाडाला ओतते. झाड बघशील तर केवढं झालंय. ती विचारते, "पाणी संपलं का आई?" मी म्हणते, "संपलं." आत्याबाईंनीही शेवटी शेवटी माझ्यासाठीच मागायचं सोडलं असेल का, हे आता रोज डोक्यात येतं.

परवा मी सुनेला आक्का म्हणाले. मला आक्का नाही.

तर शिक्षण सुरू व्हायच्या आधी ये. येत्या शनिवारी जमतं का बघ, कऱ्हाडहून दुपारची एसटी आहे, फाट्यावर नातू येईल. पेढे नकोत. उंबऱ्यातनं "कशी आहेस" विचारून वळू नकोस. आत ये, पाटावर बस, वही उघड, आधी माझी जीभ बघ आणि मग विचार, किती तांबे. तुझ्या आजोबांनी विचारलं होतं तसंच विचार. या वेळी मी मोजून सांगीन. पण लवकर ये बाई, वार कोणता हे मला अजून सांगता येतंय तोवर.